दगडाच्या रंगाची शिंपली

मुकुटबन
ता. १२ नोव्हेंबर १९६१

तुहं पत्र मले कोणीच नाही वाचून देत. मीच वाचतो, चुलीपाशी बसून, ओठ हालवत. चौथी पास हावो मी, विसरला का? तू कायले भेतं? तुहं पत्र शेजारच्या रामीबाईच्या हाती लागलं तरी तिले अक्षरं अन मुंग्या एकच. ती नुसता कागदाचा वास घेते अन म्हणते, पोट्टा बरा आहे.

दुसरं इचारलं, पाकिटावर 'उकंडा' काहून लिहितं म्हणून. मग काय लिहू बावा? तुहं नाव उकंडा. तू रत्नागिरीले जाऊन उल्हास झाला हे मले कोणी सांगितलं नाही. पाकिटाच्या मागं पत्ता होता, तठी वाचलं. उल्हास श्रावण, अन पुढं आडनाव. मले वाटलं तुह्या बापाले आणखी एक पोरगा होता अन मले मेल्यानं सांगितलं नाही. आडनाव तेच ठेवलं हे बरं केलं. आपल्या आडनावाचं नशीब चांगलं, ते कोणत्याही जातीत खपते.

अन या खेपेस वरती 'ती. आईस' आहे. आधी 'माय' राह्यत होतं. पोस्टमननं दुसऱ्या बाईचं पत्र टाकलं असन म्हणून मी परत द्यायले निघाली होती.

पण शिंपल्याचं लिहिलं ते मले लय आवडलं. तुह्या साहेबाची नोकरी भारी आहे, दगडावरची शिंपली पाहा अन सरकारचा पगार घ्या. मले समजलं ते असं, चुकलं तर सांगजो. ही शिंपली डबीसारखी दोन फाकांची नसते. एकच फाक, टोपीसारखी. खाली मऊ जीव, दगडाले चिकटून बसलेला. ओहोटी लागली का दगड उघडे पडतात, मग ते लाल चोचीचे पक्षी चालत येतात अन चोच घालून टोपी उपटतात. काळ्या दगडावर काळी टोपी असली तर पक्षी तिच्यावरून पाय देऊन जाते. पांढरी असली तर गेली. अन जिथं दगडावर फुटक्या कवच्यायची पांढरी खर चढली, तिथल्या टोप्याही पांढऱ्या, रेघारेघांच्या. साहेब म्हणते हा सारा पक्ष्याच्या डोळ्याचा खेळ. दिसली ते खाल्ली, नाही दिसली ते उरली, अन उरलेलीलेच लेकरं झाले.

रामीबाईले सांगितलं. ती म्हणे, यात काय शिकायचं, आपल्या धुऱ्यावर टिटवीचे अंडे असतात ते मातीसारखेच, पायाखाली आले तरी दिसत नाही. मी म्हटलं, हे बीएस्सीले सांगितलं असतं तर तुले पगार भेटला असता.

आता माहं ऐक. मले समुद्र पाह्याचा आहे अन तुले पाह्याचं आहे. आधी कोणाले ते तू ठरव. कापसाचं वेचण उरकलं का येतो. जागा लहान आहे म्हणून तू दोन वर्सापासून लिहून राह्यला. मी काय हत्तीण हावो? तुह्या खोलीवाल्या विमलताईच्या ओसरीवर निजीन. बाई चांगली आहे, गरम भात देते, देवाले फुलं वाहते, असं तूच लिहिलं. एक सांगजो मात्र. तिनं तुले जात इचारली असन. तू काय सांगितलं?

तुही माय
(आई दुसरी असन कोणी)


मुकुटबन
ता. ५ जानेवारी १९६२

'इथं तसं कोणी इचारत नाही' हे उत्तर नाही होत रे. मी इचारलं होतं तू काय सांगितलं. पण जाऊ दे. तू लहानपणी गूळ खाल्ला का असाच बोलत होता, तोंड मिटून.

अन समुद्राचं पुढच्या वर्सावर ढकललं. बरं. समुद्र काही आटत नाही.

मले त्या अदलाबदलीचं वाईट वाटलं. काळ्या दगडावरची टोपी उचलून पांढऱ्यावर ठेवायची, पांढऱ्यावरची काळ्यावर, अन मग पक्षी कोणती नेते ते पाह्यत बसायचं. तू लिहिलं का बदललेल्या बहुतेक दुसऱ्या ओहोटीपर्यंत राह्यत नाहीत. त्यायचा काय गुन्हा? आपल्या जागी बसल्या होत्या बिचाऱ्या. अन हेही लिहिलं का ही शिंपली भरतीच्या पाण्यात चरायले जाते अन पाणी उतरायच्या आत आपल्याच जागी परत येते. तिची कोर घासून घासून त्या दगडाच्या मापाची झाली असते. दुसऱ्या जागी ठेवली तर कोर बसत नाही, फट राह्यते, अन त्या फटीतून चोच जाते. हे मी तीनदा वाचलं. रंग जुळला तरी फट राह्यते, असं न?

तुले नावाची लाज वाटते हे मले आज नाही समजलं. शाळेतले पोट्टे तुले पाहून नाक दाबत होते अन तू घरी येऊन म्हणत होता, आज सर्दी आहे साऱ्यायले. पण नाव काहून ठेवलं हे मी तुले धड कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

तुह्या आधी दोघं झाले. पहिल्याचं नाव तुह्या बापानं ठेवलं, राजा. दुसरीचं मी ठेवलं, मोती. आपल्या वाड्यात कोणी असे नावं ठेवत नव्हतं, पण आम्हाले हौस. दोघंही चालायले नाही लागले. मग तू आला. रामीबाईची सासू होती तवा, ते म्हणे, कांता, तू लेकरायले चमकवतं, म्हणून ते दिसतात. याले उकंड्यावर टाक.

तसा रिवाज होता, ज्यायचे लेकरं जगत नाहीत त्यायच्यात. बारशाच्या दिवशी सकाळी तुले फडक्यात गुंडाळून गोठ्यामागच्या शेणाच्या उकंड्यावर ठेवलं. मायनं पाठ फिरवा लागते अन मोठ्यानं म्हणा लागते, "माहा नाही." बारीक आवाजात म्हटलं तर चालत नाही, मरणाले ऐकू गेलं पाह्यजे. म्हणून पाह्य कधी. मग दुसऱ्या बाईनं लेकरू उचलायचं अन म्हणायचं, बाई बाई, कोणाचं टाकलेलं सापडलं मले. मग मायनं तिच्या दारी जाऊन पसाभर ज्वारी द्यायची अन लेकरू मागून आणायचं. ज्वारी देल्याशिवाय टाकलेलं परत होत नाही.

उचलणारी रामीबाई. तिनं तुले पदरात घेतलं अन माही ज्वारीच घेईना. म्हणे, लेकरू देखणं आहे, ठेवूनच घेतो, तू दुसरं पाह्य. मी रडून राह्यली अन ते हसून राह्यली. शेवटी तिच्या सासूनं चिमटा काढला तवा देलं.

आता आपण छप्पनात दीक्षा घेतली, असले टोटके सोडले, मीही सोडले. सटवी नाही, काही नाही, हे मले समजते. पण तू जगला. मी तुले शेणाच्या रंगाचं नाव देलं अन लाल चोचीवाला तुह्यावरून पाय देऊन गेला. तू आता उल्हास झाला तोही कोणाले दिसू नये म्हणून. धंदा एकच आहे आपला मायलेकायचा. रागावू नको, हसून राह्यली मी.

जवसाची चटणी धाडाची आहे. पोस्टानं तेल सुटते. कोणी जाणारं भेटलं तर पाह्यतो.

तुही माय


मुकुटबन
ता. २२ फेब्रुवारी १९६२

माहं संशोधन फसलं. तुह्या साहेबाले सांगू नको, ते मले नोकरी देणार होते.

झालं असं. तुहं पत्र वाचून मले वाटलं, आपणही पाह्यावं. आपल्या नाल्याच्या डबक्यात गोगलगायी असतात, काळपट. त्या टोपलीत भरल्या. अर्ध्यायले चुना लावला, पानाच्या डबीतला. खाणीपल्याडच्या पांढऱ्या चुनखडीवर ठेवाच्या होत्या, पण तिकडे कोण चालते, म्हणून विठ्ठलरावाच्या वावराच्या धुऱ्यावर काळ्या मातीत मांडल्या. एक काळी एक पांढरी, एक काळी एक पांढरी, ओळीनं, म्हणजे मले नंतर मोजता येईन. अन बोरीखाली बसली बगळ्याची वाट पाह्यत.

बगळा आला नाही. धावजी आला. विठ्ठलरावाचा सालगडी, तू ओळखतं, वाघाले दगड मारणारा. त्यानं धुऱ्यावर चुना फासलेल्या गोगलगायी पाह्यल्या, चालणाऱ्या. हातातली टोपली तिथंच टाकून पळाला. अर्ध्या घंट्यात सारं गाव. मालकाच्या वावरात कोणीतरी करणी केली, पांढरं जनावर सोडलं. कोणी म्हणे लिंबू आणा, कोणी म्हणे मांत्रिक आणा पाटणबोरीचा. विठ्ठलराव शिकलेला माणूस, पण त्याचंही तोंड उतरलं. हळद लागली होती त्याच्या पोरीले.

मी काय करू? मी गेली अन गर्दीत उभी राह्यली. रामीबाईच्या बाजूले. पदर तोंडाले लावला अन बाकीच्या बायायसंगं म्हटलं, अगो माय, कोण असन मेला. तुहा पक्षी आला असता तर त्यानंही मले ओळखलं नसतं. रामीबाईनं फक्त माह्या बोटायकडं पाह्यलं. चुना होता. तिनं माहा हात आपल्या पदरात घेतला अन घरी येईपर्यंत सोडला नाही. हसत होती का भेली होती कोण जाणे. घरी आल्यावर म्हणे, कांता, तू त्यायच्या वावरात चुना मांडला हे समजलं असतं तर आपला वाडा जाळला असता. मी म्हटलं, विठ्ठलराव तसा नाही. ती म्हणे, विठ्ठलराव तसा नाही, पण भेलेला माणूस तसा असते.

तवा मले तुही खोली आठवली. मी तुले जात इचारून राह्यली पत्रात, चेष्टेनं. आता नाही इचारत.

निकाल लिहून घे. सांजेले रामीबाईच्या कोंबड्या सुटल्या अन काळ्या पांढऱ्या साऱ्या खाऊन गेल्या. कोंबडीले रंग कळत नाही.

मले आठ पंधरा दिवस पत्र धाडू नको. पांढरकवड्याले जाऊन राह्यली, हंसामावशीकडं. तिचे गुडघे दुखतात.

तुही माय


मुकुटबन
ता. ४ मे १९६२

गठोडं आणणारं भावसिंगच्या ओळखीचं कोणी होतं. भावसिंग म्हणजे पांढरकवड्याचा ट्रकवाला, त्याच्या साऱ्या रस्त्यावर ओळखी. मीच म्हटलं होतं त्याले, कोणी तिकडे जाणारं असलं तर गठोडं दे. कोण बाई होती, काय होती, मले काय ठाव? तू कायले एवढं खोदून इचारतं? चटणी खाल्ली का ते लिही. तुरीची दाळ शिजली का? तिकडच्या पाण्यात आपली दाळ लवकर शिजत नसन, ते पाणी जड आहे.

विमलताईनं सांगितलं का बाई हसत होती लय. हसत असन. सांगाले काय जाते, गावच्या बाया हसतातच.

गठोड्यात पसाभर ज्वारी वेगळी बांधली होती, ते कायले म्हणून इचारलं. अन फडकं माह्या लुगड्याच्या काठाचं दिसते म्हणे. काठाचंच आहे. जुनं झालं होतं. ज्वारी फेकू नको. दळूही नको. राहू दे तशीच.

तुह्या शिंपल्या कशा आहेत? मले त्यायची आठवण येते, पाह्यल्या नसल्या तरी. बोट लागलं का त्या लगेच घट्ट होतात अन मग नखानं निघत नाहीत. आधी ढिल्या असतात. त्यायच्या भवतीचा दगड थोडा गुळगुळीत असते, चाटून चाटून. दगडाच्या बाकी अंगाले मात्र धार राह्यते कालवाच्या फुटक्या कवच्यायची, पाय कापते. तू चप्पल घालत जा. पँट वर दुमडून अनवाणी फिरू नको.

मावशीचे गुडघे बरे आहेत. माहा पाय जरा दुखते. लागलं होतं कशाले तरी.

तुही माय


मुकुटबन
ता. १७ जुलै १९६२

नाही, मावशी म्हणून नाही येत.

तुहं पत्र वाचलं. दोन वर्सांनी बोलावलं तू. 'दसऱ्याच्या सुमारास ये, आठ दिवस राह्य, समुद्र दाखवतो, साहेबालेही भेटवतो. फक्त विमलताईले सांगू का तू माही मावशी आहे. कारण भेटल्यावर सांगतो.' हेच लिहिलं न? तू हे लिहिताना तिकडच्या ओसरीच्या खांबाले टेकून बसला असन, तुळशीकडं तोंड करून. टाक दोनदा अडली, 'मावशी'च्या आधी. मले दिसते ते.

काहून दिसते ते आता सांगतो. रागावू नको. रागावला तरी वाच.

गठोडं मीच आणलं.

हंसामावशीचे गुडघे कधीच दुखले नाहीत, ते अजून झाडावर चढून चिंचा पाडते. भावसिंगच्या ट्रकमंदी कापसाच्या गाठी होत्या, त्यायच्यावर बसून सोलापूरपर्यंत आली. तो मले 'याडी' म्हणते, त्यायच्या बोलीत माय. अख्ख्या रस्त्यानं एक माणूस मले माय म्हणत होता अन तो माहा पोरगा नव्हता. सोलापूरहून पुढं यष्टी. घाटात ओकली, तुह्यापासून काय लपवू.

तुह्या खोलीवर गेली तर तू नव्हता. विमलताई म्हणे, ओहोटी आहे, दगडावर असतील ते. मग मी गठोडं ठेवून किनाऱ्यावर आली.

पोरा, समुद्र मी पाह्यला. खूप मोठा आहे, एवढंच सांगता येते. मी त्याच्याकडं जास्त नाही पाह्यलं. मी तुले शोधत होती.

काळे दगड दूरपर्यंत. त्यायच्यावर बाया वाकून कालवं काढत होत्या, कासोटा घालून, डोक्याले फडकं. मीही पदर खोचला अन त्यायच्यात जाऊन बसली. एकीनं मले कोयती देली, काही इचारलं नाही. माहं लुगडं धुवून धुवून दगडाच्या रंगाचं झालं आहे, तुले ठाव आहे. अन मग तू दिसला. पँट गुडघ्यावर, डोक्याले गवताची टोपी, हातात पाटी. एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत होता, तुहा बाप वावरात उभा राहून खाजवत होता तसा. मले तठीच रडू आलं अन हसूही आलं.

तू टोप्या उचलून राह्यला होता, दगड बदलाले. पण मी पाह्यलं, एक उचलली का तू ओंजळीत पाणी घेऊन तिच्यावर टाकत होता, अन आपल्या सावलीत ठेवत होता, ऊन लागू नये म्हणून. हे तू पत्रात कधी लिहिलं नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, पोरगा बिघडला नाही.

लाल चोचीचे पक्षी पल्याड होते, तूच लिहिलं तसे, काळे पांढरे, बुढ्या मास्तरासारखे चालणारे. एक माह्याजवळून गेला, दगड ठोकत. माह्याकडं पाह्यलं नाही.

अन तूही नाही पाह्यलं. तू उभा राह्यला, कंबर सरळ केली, अन आमच्याकडं तोंड केलं. तुही नजर या बाईवरून त्या बाईवर गेली, मग माह्यावर आली. अन पुढं गेली. थांबली नाही. तोंड उघडलं होतं मी, 'उकंडा' म्हणायले. अर्धं आलं होतं ओठावर. पण तुह्याजवळ तुहे साहेब होते, अन दोन पोट्टे कॉलेजचे, अन ते तुले म्हणत होते, "उल्हास, हे बघ." तू 'ओ' देऊन तिकडे गेला. लवकर देलं 'ओ'. बरं वाटते त्या नावात तुले. मले ऐकू आलं ते.

मग मी एक टोपी बोटानं दाबून पाह्यली. ते कशी बसली होती पाह्य. सुई जाईन एवढी जागा नव्हती खाली. पाय कापला तो उठताना.

मी परत तुह्या खोलीवर गेली. विमलताई ओसरीवर नव्हती. मी माहं गठोडं सोडलं, दाळीच्या बाजूले ज्वारी होती तुह्यासाठी भाकरीची, त्यातली पसाभर काढली अन काठ फाडून त्याच्यात बांधली. ते कायले हे तुले आता समजलं असन. टाकलेलं लेकरू ज्वारी देल्याशिवाय परत होत नाही. मायचंही तसंच असन, म्हटलं. रिवाज नाही तसा, मी नवीन काढला. मले ठाव आहे का आपण हे सोडलं. एवढा एक राहू दे.

म्हणून ज्वारी तुह्यापाशी आहे. जवा वाटीन तवा घेऊन येजो, इथं, मुकुटबनले. रामीबाईच्या दारी उभा राह्य अन माग मले. ते लवकर नाही देणार, आधीच सांगतो. ते तुले रडवीन, चेष्टा करीन, म्हणीन, कांता देखणी आहे, ठेवूनच घेतो. तू ज्वारी पुढं करून उभा राह्य फक्त. मग मी तुह्यासंगं कुठंही येतो, तू उल्हास राह्य का उकंडा. मले नावाचं काही नाही. मी स्वतः तुले लपवूनच वाढवलं, मी तुले लपण्याबद्दल काय बोलू? पण फट राह्यते रे. रंग जुळला तरी खाली फट राह्यते. तुह्या पत्रात मले ते दिसते, 'आईस' लिहितं न, तठी.

विमलताई वाईट बाई नाही. तिनं तुह्या वाट्याचा भात फडक्यात गुंडाळून ठेवला होता, गरम राहावा म्हणून, अन मले दाखवला, पाहा किती उशीर करतात म्हणून. ते वाईट असती तर तुहं काम सोपं होतं, तू खोली सोडली असती. चांगली आहे म्हणून तू अडकला. ते मी तिचा चहा पेताना समजली. कपात देला तिनं, कानाच्या. जात इचारली नाही अन मी सांगितली नाही.

आता एक राह्यलं. मी हे सांगणार नव्हती. पण तू मावशी म्हणून बोलावलं, अन मावशी म्हणून मले त्या घरी येताच येत नाही, काहून का विमलताई मले ओळखते. मी पहिल्यांदा दारात उभी राह्यली तवाच बोलणं झालं होतं आमचं. ते म्हणे, तुम्ही कोण त्यांच्या? मी तोंड उघडलं, पण तिनंच पुढं म्हटलं, "त्यांना बिचाऱ्यांना कोणी नाही हो. आई तर लहानपणीच गेली, त्यांनीच सांगितलं." अन डोळ्याले पदर लावला तिनं, तुह्यासाठी.

मी म्हटलं, हो बाई, गेली. मी गावातलीच. तिच्या मातीले मीच होती.